टोणग्याचा एकोणपन्नासावा अँगल

मामीचा फोन आला तेव्हा मी भोसरीत शिफ्टवर होते. हातात गेज, समोर पंपाच्या हाउसिंगची रांग. "अगं, गोठा पाडायला घेतलाय. भंगारवाला दारात बसलाय. टोणग्याचे उक्ते सतरा हजार म्हणतोय. देऊन टाकू?"

"देऊ नको. त्याला चहा पाज नि वाटेला लाव. रविवारी येते मी."

फोन ठेवला तसा शेजारचा ट्रेनी पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, सतरा हजारांना टोणगा स्वस्तच आहे की."

तर टोणगा म्हणजे जनावर नव्हे. माझ्या मामानं १९८७ साली स्वतःच्या अंगणात बनवलेली, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारी गाडी. मामाचं गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे. घर रस्त्याला लागून आणि भाताची खाचरं ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात तिकडे बैलगाडी तर सोडाच, बैलसुद्धा पोटापर्यंत रुतायचे. रोपांचे भारे, खताच्या गोण्या, सगळं डोक्यावरून. मामा पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला टर्नर होता. आठवडाभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करायचं आणि रविवारी गुडघाभर चिखलात उतरायचं, असं त्याचं आयुष्य. एका पद्मिनी टॅक्सीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल त्यानं भंगारातून आणला, लोखंडी चॅनेलची चासी वेल्ड केली, आणि खडी मशीनवरचा जुना कन्व्हेयर पट्टा उभा चिरून त्याचे ट्रॅक केले. पहिल्याच दिवशी गाडी ओढ्याच्या काठाला जी बसली ती तीन तास उठेना. गावानं तिथल्या तिथे बारसं उरकलं.

मी तेव्हा तेरा वर्षांची. मागच्या पाटीत भाऱ्यांवर बसून ओढा ओलांडायला मिळावं म्हणून सुट्टी नसतानाही आजारी पडायचे.

रचना सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इंजिन पुढे, अ‍ॅक्सल मागे, जसं पद्मिनीत असतं तसंच. फक्त मागच्या चाकांच्या जागी बारा दात्यांची दोन चक्रं. जमिनीवर टेकणारी चाकं स्कूटरची, ३.५०-१० च्या टायरसकट, प्रत्येक बाजूला चार. पुढे पट्टा ताणायचं चाक, ते चासीतल्या लांबट खाचेत स्क्रूनं पुढेमागे सरकतं. पट्टा म्हणजे रबरी कन्व्हेयरच्या दहा-दहा सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या, मध्ये दात्यांसाठी मोकळी जागा, आणि दोन्हींना जोडणारे लोखंडी अँगल, दर दहा सेंटिमीटरवर एक. अँगल आडवे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. दाता अँगलला ढकलतो आणि गाडी पुढे जाते.

स्टिअरिंग नाहीच. मामानं मागच्या दोन ब्रेकांच्या नळ्या वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतंत्र मास्टर सिलिंडर आणि स्वतंत्र लिव्हर दिला होता. डावा लिव्हर ओढला की डावा पट्टा थांबतो. डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन बाजूंना वाटून देणाऱ्या गिअरांचा, गुण असा, की एक बाजू अडवली तर दुसरी दुप्पट वेगानं फिरते. म्हणजे गाडी डावीकडे वळते. तोटा असा, की वळण्याची सगळी मेहनत ब्रेकच्या लायनरवर येते. चार वळणं घेतली की ड्रमवर पाण्याचे थेंब तव्यावरच्यासारखे उडायचे. मामी त्याला म्हणायची, "भाकरी टाकू का तुमच्या गाडीवर?"

चिखलात ही गाडी बुडत का नाही, हे मी शाळेत असताना मामानं मला माझ्याच पावलांचे ठसे ग्राफ पेपरवर घ्यायला लावून शिकवलं. ते गणित मी यंदा पुन्हा केलं. वजनकाट्यावर टोणगा भरला ६४० किलो. वर ७० किलोचा माणूस धरा. दोन्ही पट्ट्यांचा जमिनीला लागणारा भाग मिळून ८,४०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला भार ८५ ग्रॅमच्या आसपास. मी ६२ किलोची, दोन पावलं मिळून २६० चौरस सेंटिमीटर. नुसती उभी राहिले तरी २४० ग्रॅम, आणि पाऊल उचललं की दुप्पट. म्हणजे चिखलाच्या दृष्टीनं मी टोणग्यापेक्षा कितीतरी जड आहे. हे घरी सांगितल्यावर नवऱ्यानं काही न बोलता फक्त मान डोलावली.

ही युक्ती काही मामाची नव्हती, आणि तो तसं म्हणायचाही नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनजवळ जमीन इतकी भुसभुशीत, की वाफेच्या ट्रॅक्टरांची चाकं रुंद करून करून कारखानदार थकले होते. १९०४ च्या नोव्हेंबरात बेंजामिन होल्टनं मागची चाकं काढून साखळीवर लाकडी ठोकळे बसवलेले पट्टे चढवले आणि ट्रॅक्टर तरंगल्यासारखा चालला. मामाच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून मात्र होल्ट नव्हता, एडमंड हिलरीचं कात्रण होतं. एव्हरेस्टवाला हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो साध्या शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर पट्टे चढवून. आम्हा पुणेकरांना फर्ग्युसन म्हटलं की एकच आठवतं. लहानपणी मला बरीच वर्षं वाटायचं, की कॉलेजनं ध्रुवावर ट्रॅक्टर पाठवला होता.

रविवारी गेले. गोठ्याचे पत्रे निघाले होते आणि टोणगा पहिल्यांदाच उन्हात उभा होता. मामाला जाऊन सहा वर्षं झाली, आणि गाडी चालायची थांबून त्याच्याही आधी वीस-बावीस. पट्टे जमिनीला चिकटून पापडासारखे तडकलेले, सीटमध्ये कोंबडीनं संसार मांडलेला. सायलेन्सर उभा, आणि त्याच्या तोंडावर पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून उपडा घातलेला स्टीलचा पेला. तो काढून पुसला तर बुडाला अक्षरं कोरलेली: सप्रेम भेट, आणि मामा-मामीच्या लग्नाची तारीख.

मामीनं तो हातात घेतला. "हा इथं होय! सहाचे पाच झाले म्हणून मी धुण्याभांड्याच्या बाईला काय काय बोलले होते."

हायड्रा क्रेन बोलावून टेम्पोत चढवला, वरून ताडपत्री. चांदणी चौकात नेहमीप्रमाणे अडकलो तर शेजारच्या स्कूटरवरच्या आजोबांनी ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं आणि "डीआरडीओचं का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. पुण्यात प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं म्हटलं तर माणूस घरी पोचणार नाही.

धायरीला एका मिस्त्रींची फॅब्रिकेशनची शेड आहे. एक कोपरा मला मिळाला, शनिवार दुपार ते रविवार रात्र. मी डिप्लोमा मेकॅनिकल, पण तीस वर्षं नोकरी क्वालिटीत. माझं काम दुसऱ्यानं केलेलं मोजायचं आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. स्वतःच्या हातानं फारसं काही घडवलेलं नाही, हे पहिल्याच दिवशी मिस्त्रींच्या लक्षात आलं. माझ्या हातातून ग्राइंडर काढून घेत ते म्हणाले, "ताई, तुम्ही मोजा. कापायचं आम्ही बघतो."

कापायला भरपूर होतं. एका पट्ट्याला ४८ अँगल, प्रत्येकाला चार बोल्ट, दोन्ही बाजू मिळून ३८४. सगळे अडीच सुती, सगळे गंजून एकजीव. एकही पान्यानं निघाला नाही.

इंजिनाचं मात्र नशीब. जाम होतं, पण सिलिंडरमध्ये डिझेल-रॉकेल ओतून दोन आठवडे ठेवल्यावर फ्लायव्हीलला टॉमी बार लावून हलवलं तर सुतभर हललं, मग बोटभर, मग पूर्ण फिरलं. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन. एकेकाळी देशात ज्याला त्याला येणारं काम. आता मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ ला उतरली, तेव्हा सामान शोधायला नाना पेठेत तीन चकरा आणि जुन्या बाजारात रविवारच्या दोन. नाना पेठेतल्या काउंटरवरचे म्हातारे शेठ ब्रेकचा रबर किट मागितल्यावर आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग माळ्यावर चढले. इंजिनाला पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा डायफ्राम आणि सगळे रबरी पाइप मी नवेच घातले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते जुन्या रबराला मानवत नाही. ब्रेकच्या शूंना नवे लायनर मारून आणले. कार्बोरेटर, पॉइंट, कंडेन्सर हे सगळं वेळखाऊ पण सरळ काम, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं होतं ते डाव्या पट्ट्यात.

जुने अँगल फेकण्याआधी मी त्यांना खडूनं नंबर घातले आणि जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर लावला. सवय. हा व्हर्नियर मामानंच मला पहिली नोकरी लागली तेव्हा दिलेला. उजव्या पट्ट्याचे अँगल, मूळ जाडी पाच मिलिमीटर, सगळे साधारण सारखे झिजलेले, एक-सव्वा मिलिमीटर. डावीकडचेही तसेच, पण पाच, सतरा, एकोणतीस आणि एक्केचाळीस नंबर जवळपास साडेतीन मिलिमीटर खाल्लेले, भोकं लंबगोल झालेली, आणि सतरा नंबरपाशी रबर फाटलेलं. चार अँगल, मध्ये बरोबर बारा-बाराचं अंतर. चक्राला दाते किती? बारा.

चक्राजवळ जाऊन बोट फिरवलं. एक दाता कधीतरी दगडावर तुटलेला होता आणि वेल्डिंगनं भरून कानशीनं घासला होता, इतरांपेक्षा तीनेक मिलिमीटर जाड. अठ्ठेचाळीस भागिले बारा, चार. बाकी शून्य. म्हणजे तो जाड दाता वर्षानुवर्षं त्याच चार अँगलांवर बसत होता. चाळीतला एखादा माणूस रोज त्याच चौघांशी भांडतो, बाकीच्यांना कळतही नाही, तसं.

टूलरूममधल्या माणसानं हे करावं? गिअरचे दाते ठरवताना जोडीच्या दोन चाकांच्या आकड्यांत सामाईक भाजक नसावा, म्हणजे प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो आणि झीज वाटली जाते, हे आम्हाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. मामाची चूक सापडली होती.

मग मी अजून शोधायला लागले, आणि शोधणाऱ्याला सापडतंच. पट्टा ताणायच्या चाकाची खाच उजव्या बाजूला आठ सेंटिमीटर लांब, भोकं पाडून, कानशीनं घासून आरशासारखी. डाव्या बाजूला तेरा. पहिले आठ सुबक आणि पुढचे पाच गॅसनं ओबडधोबड कापलेले, कडेला मळीचे थेंब तसेच. दोन बाजू सारख्या नाहीत म्हणजे रिजेक्ट. मिस्त्रींना सांगून मी ते पाच सेंटिमीटर वेल्डिंगनं भरून घेतले आणि ग्राइंड करून साफ केले. मिस्त्री म्हणाले होते, "ताई, हे कुणी उगाच कापलेलं वाटत नाही." मी म्हटलं, भरा.

दाता दुरुस्त केला. पट्टे नवे, म्हणजे वाघोलीकडच्या एका खडी मशीनवरून उतरलेले, पण कापड शाबूत. अँगल नवे, पण होते तसेच ४८. जुनं जसं होतं तसं ठेवायचं असं मी ठरवलं होतं. दाता नीट झाल्यावर ४८ नं फारसं बिघडणार नव्हतं.

गाडीचे कागद काही आहेत का म्हणून मामीकडे गेले तेव्हा मे महिना होता. कागद असणार कुठून, हिला नंबरच नव्हता कधी, रस्त्यावर आणायचीच नव्हती. पण मामीनं फडताळातून एक दोनशेपानी वही काढली. उघडली तर दुधाचा हिशेब. सकाळ दोन, संध्याकाळ दीड, अमावास्येला नागा.

"मागनं बघ," मामी म्हणाली. "पुढनं माझं आहे, मागनं त्याचं."

मामानं वही मागच्या पानापासून लिहिली होती. अ‍ॅक्सलचं माप, लिव्हरचा आराखडा, कुठल्या दुकानातून काय किती रुपयांना. आणि दुधाच्या हिशेबाला जवळजवळ चिकटून त्याचं शेवटचं पान, १९९५ चं.

त्या वर्षी मामा मला आणि माझ्या भावाला नगरचं रणगाड्यांचं म्युझियम दाखवायला घेऊन गेला होता, ते वर्षभरापूर्वीच उघडलेलं. आम्ही पॅटनवर चढता येईल का बघत होतो आणि मामा एका रणगाड्याच्या बाजूला उकिडवा बसून बोटानं काहीतरी मोजत होता. आधी चक्राचे दाते, मग पट्ट्याचे तुकडे. दोनदा. परतीच्या एसटीत तो शिरूरपर्यंत बोललाच नाही. मला वाटलं, त्याला गाडी लागली.

पानावर चार ओळी होत्या.

"४८ चुकले. ४९ करणे. दाता घासून उपयोग नाही, सगळेच हाताने कापलेले, थोडे थोडे वेगळे आहेत. एक अँगल वाढवला की प्रत्येक दाता फिरत राहील.
लांबी १० सेंमी वाढेल, चाक ५ पुढे. खाच वाढवणे.
डावी केली. सध्या गॅसने, नंतर घासणे.
उजवी राहिली."

पाच सेंटिमीटर. जे मी वेल्डिंगनं भरून, ग्राइंड करून, वर रेड ऑक्साइड मारून ठेवले होते.

"मग उजवी का राहिली?" मी मामीला विचारलं.

मामी तांदूळ निवडत होती. "नवा पट्टा घ्यायचा होता त्याला. पैसे बाजूला काढलेले. मग त्या वर्षी तुझं लग्न निघालं न्हाई का."

माझे बाबा मी दहावीत असताना गेले. लग्नाचा मांडव मामाचा होता, जेवणावळ मामाची, अंतरपाटामागं माझ्या पाठीशी उभा होता तोही मामाच. मी मामीला काही बोलले नाही. सुपातले खडे वेचू लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ते खडे न्हाईत गं, तांदूळ टाकतीयस तू."

वही न्यायची परवानगी मिळाली नाही. "माझा दुधाचा हिशेब हाय त्यात." पानांचे फोटो काढून आणले.

धायरीला गेल्यावर मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी तो वाचला, चष्मा वर केला आणि गॅसची नळी सोडायला लागले. एक शब्दही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. आधी डावी खाच पुन्हा उघडली, मग उजवी वाढवली. घासायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कानशीनं, दोन रविवार. तळहाताला फोड आले ते धरून दोन्ही खाचा तेरा सेंटिमीटर, आणि कडा मामाच्या आठ सेंटिमीटरांइतक्या नाहीत पण जवळपास.

पट्टे पुन्हा कापावे लागतील अशी धास्ती होती. पण जोडासाठी आम्ही तीस सेंटिमीटर पट्टा पट्ट्यावर चढवला होता. भोकं दहा-दहावर. एक भोक सरकवलं की लांबी दहानं वाढते आणि एकोणपन्नासाव्या अँगलला जागा होते. जोड आता तीनऐवजी दोन अँगलांवर आला, तेवढं मला खटकतं. दर महिन्याला बघणार आहे. नव्या अँगलला मी खडूनं ४९ लिहिलं, आणि मग खडू राहणार नाही म्हणून पंचानं ठोकलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी टोणगा पुन्हा टेम्पोतून गावी गेला. लावणी सुरू होती. पंपानं पेट्रोल खेचेपर्यंत बॅटरी अर्धी झाली, मग दोनदा खोकला, आणि सायलेन्सरमधून तीस वर्षांचा भाताचा भुसा कारंज्यासारखा उडाला. कोंबड्या पळाल्या. पेला यावेळी मामीनं दिला नाही, पत्र्याचं झाकण लावलंय.

मीच चालवला. पहिल्या गिअरला ओढ्यात उतरवला, पाणी पायाशी आलं, आणि पलीकडच्या चढाला मी लिव्हर जरा जास्त ओढला तर गाडी जागच्या जागी अशी फिरली की माझं तोंड परत घराकडे. बांधावरच्या बायका लावणी सोडून हसत होत्या. पुन्हा वळवला. खाचराच्या तोंडाशी उभा करून उतरले तर मी पिंडरीपर्यंत चिखलात, आणि शेजारी ६४० किलोचा टोणगा नुसता टेकलेला, अँगलाचे ठसे चार बोटं खोल. मी वाकून मागचा पट्टा बघत होते. जो जुना जाड दाता होता, त्याला मी पांढरा ठिपका दिलाय. गाडी पुढे घेतली, पट्टा एक पूर्ण फेरी होईपर्यंत. मघाशी ठिपका १७ नंबरवर होता, आता १६ वर. पुन्हा एक फेरी. १५.

भावानं व्हिडिओ काढले, मुलांनी फोटो काढले. मामी बांधावर इरलं घेऊन उभी होती, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं घराकडे हात केला.

"झाले असतील फोटो तर परत ने त्याला. युरियाच्या सहा गोण्या पडल्यात पडवीत."